घरची गाठ

म्हाताऱ्याचे हात गेल्या हिवाळ्यातच गेले होते. आधी पेरं सुजली, मग बोटं आत वळली, आणि यंदा पहिली थंडी पडली तेव्हा त्याला चहाचा कप दोन मनगटांत धरावा लागला. घरात हे त्याच्या सुनेला ठाऊक होतं आणि तिच्या लहान मुलीला. बाहेर कोणाला कळू द्यायचं नव्हतं. बाहेर कळलं की ओटा गेला.

धक्क्यावर पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये खेकडे विकायचे दगडी ओटे होते. ज्याला ओटा आहे त्याच्याकडे गिऱ्हाईक चालत येतं आणि भाव तो सांगतो. ज्याला नाही त्याने फाटकाबाहेर टोपली घेऊन उभं राहायचं आणि मुकादम म्हणेल तो भाव मुकाट घ्यायचा. ओट्याचा नियम एकच आणि तो जुना: जो हिवाळ्यात स्वतः पाण्यात उतरतो त्याचा ओटा. उन्हाळ्यात काय, खेकडा आपण होऊन हाताला लागतो, तेव्हा कोणीही ऐरागैरा टोपली भरतो. हिवाळ्यात तो खोल चिखलात जाऊन बसतो आणि त्याला काढायला तसंच माणूस लागतं. थंडी सरत आली की मुकादम आणि चार जुनी माणसं शेडमध्ये बसत. ज्याने हिवाळा चुकवला त्याचा ओटा दुसऱ्याला जाई. त्यात दयामाया नव्हती. दुखणंबाहणं तर कोणी विचारतही नसे.

म्हाताऱ्याला दोन मुलगे. थोरला शहरात कारखान्यात होता, बायकोला घेऊन तिकडेच राहत होता. धाकटा तापाने वारला. त्याच्यामागे राहिली ही बायको, ही मुलगी आणि एक नारिंगी रंगाची कयाक, एका माणसापुरती अरुंद होडी. पलीकडच्या खाडीत पर्यटकांना पाण्यात फिरवणारं एक ठिकाण होतं, ते बंद पडलं तेव्हा तिथे कामाला असलेल्या धाकट्याने ती मागून आणली होती. शेपटाला तडा होता, त्यावर त्याने डांबर थापलं. शेडमधली माणसं तिला गाजर म्हणायची. "गाजराची पुंगी," मुकादम म्हणायचा. "वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली."

पण हिवाळ्यात खेकडे जिथे बसतात तो डोह वाळूच्या बांधामागे होता, आणि ओहोटीला बांधावर वीतभर पाणी राही. इंजिनाच्या होड्या तिथे पोट घासून अडकत. गाजर तेवढं वरून सरकत जाई. धाकट्याने ते आधी ओळखलं, मग म्हाताऱ्याने, आणि दोन हिवाळे म्हाताऱ्याने त्या डोहावर राज्य केलं.

"आता?" त्या पहिल्या थंडीत सुनेने विचारलं होतं.

म्हातारा शेगडीजवळ बसला होता. हात त्याने काखेत कोंबले होते. "आता काय," तो म्हणाला. "माझा कोट घाल. माझी टोपी घाल. लांबून कोण बघतंय."

"आणि मला वल्हवता कुठे येतं, मामा?"

"मला तरी कुठे येत होतं? बुडत बुडत शिकलो."

ती बुडत बुडतच शिकली. कयाकमध्ये पाय समोर पसरून बसावं लागतं आणि बुडाखाली कायम चार बोटं पाणी. पाणी इतकं गार की थोड्या वेळाने कंबरेखालचं आपलं राहत नाही. दोन तोंडांचं वल्हं फिरवताना त्याच्यावरून ओघळणारं पाणी बाहीत शिरतं आणि कोपरापर्यंत जातं. पहिल्याच आठवड्यात ती दोनदा उलटली. दोन्ही वेळा पिंजरे वाचवले आणि स्वतःला नंतर. घरी आली तेव्हा दात वाजत होते. मुलगी रडायला लागली तर म्हातारा तिच्यावर खेकसला, "रडतेस काय, आई आहे ना समोर!"

वल्हवणं अंगाने शिकवलं. गाठ मात्र म्हाताऱ्याने शिकवली.

खेकडा धरला की लगेच त्याच्या नांग्या बांधाव्या लागतात. नाही बांधल्या तर ते टोपलीत एकमेकांना फाडतात, आणि तुटक्या नांगीच्या खेकड्याकडे गिऱ्हाईक ढुंकूनही बघत नाही. लोक म्हणतात खेकडे एकमेकांचे पाय ओढतात. म्हणणाऱ्यांनी माणसांची शेड पाहिलेली नसते. तर या बांधणीची प्रत्येक घराची गाठ वेगळी. शेडमध्ये कोणी खेकडा उचलला की आधी पाठीवरची गाठ बघतो, मग खेकडा. म्हाताऱ्याच्या घरच्या गाठीला मान होता. ती गाठ असलेला खेकडा कधी पोकळ निघत नसे. कात टाकलेला, आत नुसतं पाणी भरलेला खेकडा त्याने आयुष्यात विकला नव्हता. पोटाखाली अंगठा दाबून बघायचा, दबला की परत पाण्यात.

त्याने तिला समोर बसवलं. मध्ये लाकडाचा एक ठोकळा ठेवला, खेकडा म्हणून. वाकड्या बोटांनी तो सुतळी फिरवून दाखवी, ती बघून तसंच करी. त्याच्याने गाठ आवळली जात नसे. आवळायच्या वेळेला सुतळी बोटांतून निसटे आणि सगळं सुटून खाली पडे.

"कळलं?" तो विचारी.

"पुन्हा दाखवा."

"पुन्हा! लग्नात मंगळसूत्र बांधायलासुद्धा कोणी इतक्यांदा विचारत नाही."

ती डावखुरी होती. लहानपणी जेवताना या हातावर पुष्कळ चापट्या खाल्ल्या होत्या. घास उजव्या हातावर आला, बाकीचं सगळं काम डाव्यातच राहिलं. समोर बसून म्हातारा ज्या बाजूने सुतळी फिरवी त्याच बाजूने ती फिरवायची. मग टोक दातात धरून खेचलं की गाठ दगडासारखी बसे. एकदा म्हाताऱ्याने तिने बांधलेला ठोकळा जवळ घेतला, डोळ्यांपाशी नेला, बराच वेळ बघितला.

"बरोबर आहे का?" तिने विचारलं.

"सुटायची नाही," तो म्हणाला आणि ठोकळा शेगडीमागे सारला.

रोज पहाट उजाडता उजाडता ती म्हाताऱ्याचा मेणकापडी कोट घालून, टोपी भुवयांपर्यंत ओढून निघे. कोटाला म्हाताऱ्याच्या तंबाखूचा आणि जुन्या माशाचा वास होता. घराच्या मागच्या पायऱ्यांवरून पाण्यात उतरायचं, धक्क्यापासून लांबून जायचं, धुकं असेल त्या बाजूने. धक्क्यावर मुकादम त्या वेळी चहाचा ग्लास घेऊन उभा असे. रोज तो धुक्यात हाक मारी, "काय म्हातारबा, पाणी कसंय?"

बोलायची सोय नव्हती. ती नुसतं वल्हं उंच करी आणि पुढे निघे. पहिल्या दिवशी हाक आली तेव्हा वल्हं तिच्या हातातून सुटायचंच बाकी होतं. मग सवय झाली. सवय झाली आणि थोडी मजाही वाटायला लागली. इतक्या माणसांना आपण बनवतोय, आणि म्हाताऱ्याची अब्रू आपल्या खांद्यांवर तोलून धरलीय, असं तिला वाटे. त्या हाकेला एक दिवस तोंडाने उत्तर द्यायचं, असं तिने मनात ठरवूनही ठेवलं होतं. "गार आहे, पण माल आहे!" एवढंच म्हणायचं. टोपी काढून, मोकळ्या डोक्याने. बांध ओलांडताना ती कधी कधी ते वाक्य पुटपुटून बघायची.

डोहावर तिचे पिंजरे होते, प्रत्येकाला तरंगती बाटली बांधलेली. आत माशांची डोकी. बाटली धरायची, दोर ओढायचा. ओला दोर तळव्यात कापत जाई आणि खारं पाणी त्या कापावर बसे. पिंजरा वर आला की कयाक एका बाजूला कलते, तेव्हा कंबर दुसऱ्या बाजूला टाकायची, श्वास धरायचा, आणि पिंजरा मांडीवर घ्यायचा. थंडीत खेकडा सुस्त असतो खरा, पण नांगीत जोर उन्हाळ्याचाच असतो. उजव्या हाताने मागून धरायचा, पोट दाबून बघायचं, अंड्यांची मादी असली तर सोडायची, पोकळ असला तर सोडायचा. मग डाव्या हाताने सुतळी. एक वेढा, दुसरा वेढा, पाठीवर फास, टोक दातात. खारी सुतळी दातांनी ओढून ओढून तिचा खालचा ओठ मधोमध फाटला आणि हिवाळाभर भरून आलाच नाही. हसली की रक्त यायचं. हसायचे प्रसंग तसे कमी होते.

परत आली की टोपली मागच्या पायरीवर ठेवायची, ओलं सगळं उतरवायचं, कोट म्हाताऱ्याच्या खांद्यावर टाकायचा. मग तो पुढे आणि ती टोपली डोक्यावर घेऊन मागे, अशी दोघं शेडमध्ये जात. म्हाताऱ्याने धरलं, सुनेने वाहिलं. यात कोणाला काही वावगं दिसत नव्हतं. ओट्यावर तो हात कोटात घालून बसे आणि तोंडाने भाव करी. ती मागे उभी राहून खेकडे उचलून देई.

"म्हातारबा, हात अजून शाबूत आहेत हं," मुकादम म्हणायचा. तो खेकडा उचली, पाठीवरच्या गाठीवरून अंगठा फिरवी आणि मिशीत हसे. "उलट आणखी घट्ट झालेत."

"हाड जुनं आहे," म्हातारा म्हणे.

शेजारच्या ओट्यावर लंगड्या बसे. इंजिनाच्या होडीच्या पंख्याने त्याचा पाय घेतला होता. तोही एकदा वाकून गाठ बघून गेला, एकदा तिच्या फाटक्या ओठाकडे, आणि म्हणाला, "बाई, ओठाला लोणी लाव. म्हाताऱ्याला लाव म्हणून सांग." आणि स्वतःच हसत सुटला. तिला विनोद कळला नाही. लंगड्याला नाही तरी कशावरही हसू येतं, असं म्हणून तिने सोडून दिलं.

अशाच एका संध्याकाळी म्हाताऱ्याने तिला शब्द दिला. तिने मागितला नव्हता. ती त्याच्या बोटांना गरम तेल चोळत होती, बोटं उघडत नव्हती, आणि अचानक त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "पोरी," तो म्हणाला, "थंडी सरली की माणसं बसतील. तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगणार. हा हात हिचा आहे. हिवाळा हिने काढलाय. ओटा हिला द्या."

"देतील?"

"का नाही देणार? नियमात बाईमाणूस कुठे लिहिलंय? पाण्यात उतरला त्याचा ओटा. उतरलीस ना?"

ती त्याची बोटं चोळत राहिली. पण त्या दिवसापासून तिला थंडी कमी वाटायला लागली, हे खरं. ओटा मिळाला तर मुलीला कोणाच्या दारात उभं राहावं लागणार नव्हतं. तिला स्वतःलाही.

मग थोरला आला. कारखाना बंद पडला होता. बायको, दोन गाठोडी आणि एक पंखा घेऊन तो दारात उभा राहिला. हिवाळ्यात पंखा कशाला, असं मुलीने विचारलं तर जाऊ म्हणाली, "आमचा आहे म्हणून." खाट थोरल्याला गेली. सून आणि मुलगी स्वयंपाकघरात चुलीजवळ निजू लागल्या. ते ऊबदार होतं, तक्रार करायला जागा नव्हती.

थोरला वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. तो सकाळी उशिरा उठे, म्हाताऱ्याला दाढी करून देई, मुलीला गोष्टी सांगे आणि सुनेला सल्ले देई. "पिंजरे जरा डावीकडे टाकत जा." "आज वारा आहे, लवकर निघ." डोह त्याने लहानपणी पाहिला होता, तेवढ्या भांडवलावर तो उंटावरून शेळ्या हाकायचा. एकदा त्याला वाटलं आपणही जावं. मागच्या पायरीवरून तो गाजरात बसायला गेला, बसला, आणि बसल्याबरोबर उलटला. पाणी कंबरेएवढं होतं. सगळे हसले, तोही हसला, जावेने टॉवेल आणला. "माझं वजन त्याला पेलत नाही," असं त्याने जाहीर केलं आणि विषय संपवला. नंतर दोन दिवस तो शिंकत होता आणि त्याच्यासाठी आल्याचा चहा होत होता.

"मामा," तिने एकदा विचारलं, "तुम्ही म्हणाला होतात ते…"

"लक्षात आहे," म्हातारा म्हणाला. तेव्हा थोरला त्याच्या हनुवटीला वस्तरा लावत होता, म्हणून त्याला मान हलवता आली नसेल.

माणसं बसली तो दिवस उन्हाचा होता. शेडच्या पत्र्यावरून दव टपकत होतं. मुकादम आणि चार जुनी माणसं उलट्या टोपल्यांवर बसली, बाकीचे आपापल्या ओट्यांपाशी उभे. तिने सकाळीच आणलेली टोपली म्हाताऱ्याच्या ओट्यावर ठेवली होती. स्वच्छ कपडे घातले होते, केस विंचरले होते. मुलीला घेऊन ती त्याच्या मागे, नेहमीच्या जागी उभी राहिली. थोरला म्हाताऱ्याच्या शेजारी उभा होता. त्याला उभं राहायला कोणी सांगितलं, हे तिला कळलं नाही.

म्हाताऱ्याची पाळी आली. मुकादम म्हणाला, "म्हातारबा, हिवाळा निघाला की!"

"निघाला."

"पुढचा काढशील?"

म्हाताऱ्याने कोटातून हात काढले. पहिल्यांदाच काढले. ते वाकडे हात त्याने मांडीवर ठेवले आणि सगळ्यांना बघू दिले. कोणी चकित झालं नाही. तिने आजूबाजूला पाहिलं, एकही माणूस चकित झाला नव्हता.

"नाही," म्हातारा म्हणाला. "हे आता राहिले नाहीत. यंदाही मी नव्हतो."

तिने श्वास धरला, पिंजरा मांडीवर घेताना धरत असे तसा.

"मग कोण होतं?"

म्हाताऱ्याने खाली बघितलं. "थोरला," तो म्हणाला.

तिला वाटलं तो आणखी काही बोलेल. थोरल्याने मान लववली. शेडमध्ये कोणीतरी खोकलं. थोरला शहरातून कधी आला, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्याच्या पंख्याची चेष्टा सगळ्या धक्क्याने केली होती.

"रीत म्हणून," मुकादम म्हणाला, "गाठ मारून दाखव."

मुलीने टोपलीतून एक खेकडा पुढे केला. मुकादमाने त्याची सुतळी सोडली, लंगड्याने त्याला मागून धरून ठेवला. थोरल्याने सुतळी घेतली. सवय गेली होती, पण लहानपणी बापाने मारून मुटकून शिकवलेलं हातात कुठेतरी होतं. सावकाश, जीभ दातात धरून, त्याने गाठ मारली. ढिली होती, पण होती. लोकांनी माना डोलावल्या.

मुकादमाने तो खेकडा ओट्यावर ठेवला. टोपलीतून तिने बांधलेला एक काढला आणि त्याच्या शेजारी ठेवला.

थोरल्याच्या गाठीचं टोक उजव्या नांगीकडे होतं. तिच्या गाठीचं डाव्या. तिने टोपलीत पाहिलं. सगळी टोकं डावीकडे. हिवाळाभराचे सगळे खेकडे तिच्या डोळ्यांसमोर आले, सगळे डावीकडे. समोर बसून शिकली होती ती. आरशात बघून भांग पाडावा तशी म्हाताऱ्याची गाठ तिच्या हातात उलटी झाली होती, आणि तिला एकटीलाच ते कळलं नव्हतं. ती मांजरासारखी डोळे मिटून दूध पीत होती आणि सगळी शेड रोज बघत होती. मुकादमाचा अंगठा, लंगड्याचं लोणी, सगळं तिला एकदम कळलं.

तरी त्या क्षणी तिला आशाच वाटली. आता तर पुरावाच समोर होता. आता बोलतील, असं तिला वाटलं.

"अस्सल," चौघांतला एक म्हणाला आणि थोरल्याच्या खेकड्यावर बोट ठेवलं. "ही म्हाताऱ्याची गाठ. बरेच दिवसांनी बघितली."

"मग ही दुसरी कोणाची?" मागून कोणीतरी विचारलं. हसू दाबलेला आवाज होता.

मुकादमाने तिच्याकडे पाहिलं. सरळ डोळ्यांत पाहिलं. मग तो म्हणाला, "थंडीत माणसाचे हात उलटसुलट व्हायचेच," आणि सगळी शेड हसली. मोठ्याने नाही, पोट धरून नाही, आपल्यातलं माणूस जरा घसरल्यावर हसतात तशी. "घरची गाठ घरात राहिली. ओटा थोरल्याचा. पुढचा कोण?"

तिचं तोंड उघडलं होतं. ओठ पुन्हा फाटला आणि जिभेवर रक्ताची चव आली. "मी होते," एवढेच दोन शब्द बोलायचे होते. पण जे सगळ्यांना माहीत आहे ते ओरडून कोणाला सांगायचं? अजाणत्याला सांगता येतं. जाणत्याला काय सांगणार?

घरी आल्यावर म्हातारा शेगडीपाशी बसला. थोरला आणि जाऊ पेढीवाल्यासारखे पुढच्या दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत होते. तिने तेलाची वाटी आणली, खाली ठेवली, पण बोटांना हात लावला नाही.

"मामा, तुम्हाला गाठ कधी दिसली?"

"पहिल्याच दिवशी. ठोकळ्यावर."

"सांगितलं का नाहीत?"

"सुटत नव्हती. मग सांगायचं काय?" तो पुढे म्हणाला, "सुलटी शिकायला तुला महिना लागला असता. तेवढा वेळ कुठे होता?"

"आणि शब्द दिला होतात तो?"

"तो माझ्या बापाचा ओटा आहे," तो म्हणाला. "तू तरणी आहेस. उद्या कोणाचा हात धरलास, की ओटा त्याच्या घरात."

"हिवाळाभर कोणाचा हात धरला होता मी? वल्ह्याचा?"

"मी असं म्हणत नाही…"

"असंच म्हणताय."

"त्याला बायको आहे, उद्या मुलं होतील. नोकरी गेली. तो कुठे जाईल?"

"आणि आम्ही दोघी कुठे जाऊ?"

"तुम्ही कशाला कुठे जाल?" म्हाताऱ्याला खरंच आश्चर्य वाटलं. "तू घरातच आहेस की. दोन घास मिळतीलच. मी आहे ना."

तिला इतका राग आला की तेलाची वाटी शेगडीवर पालथी करावीशी वाटली. हा माणूस तिला आवडत होता, हे सगळ्यांत वाईट होतं. नवरा गेल्यावर याने तिला एक दिवस उपाशी ठेवलं नव्हतं की वाकडा शब्द बोलला नव्हता. नेमका जो एक शब्द सरळ बोलायचा, तो त्याने वाकडा बोलला. तिने वाटी उचलली आणि तेल परत बाटलीत ओतलं. त्या रात्री त्याची बोटं कोणी चोळली नाहीत. सकाळपर्यंत तो कण्हत होता, आणि तिने ते ऐकलं, आणि उठली नाही.

पहाटे ती उठली ती सवयीने. थंडी सरत आली असली तरी गेली नव्हती. तिने पिंजऱ्यांसाठी माशांची डोकी भरली, सुतळी तोडून घेतली. जाऊ उठून आली, अंगाभोवती शाल घट्ट करत. ती खुषीत होती, आणि खुषीत असलं की तिचं मन मोठं होत असे.

"म्हाताऱ्याचा कोट अगदी विरलाय हो," ती म्हणाली. "आता ह्यांचा घालत जा. चांगला जाड आहे. पुढच्या हिवाळ्याला तर लागेलच."

थोरला दारातून म्हणाला, "आणि हे बघ, मुकादम म्हणत होता, आता गाठ सुलटी मारायला शिक. बाहेरचे व्यापारी येतात, त्यांना दोन तऱ्हा दिसायला नकोत." त्याचा स्वर समजुतीचा होता. "मी दाखवीन तुला. सोपी आहे."

खुंटीवर दोन कोट शेजारी शेजारी होते, बापाचा आणि मुलाचा. तिने एकही घेतला नाही. अंगावर आपला निळा स्वेटर होता, कोपरावर रफू केलेला. डोकं मोकळंच ठेवलं.

"थंडी बाधेल," आतून म्हातारा म्हणाला. "कोट घाल, पोरी."

"कोणापासून लपायचंय आता?" ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

ती धुक्याच्या बाजूने गेली नाही. जरा थांबली, ऊन वर येऊ दिलं, ओहोटी बांधाला लागेपर्यंत सुतळी सारखी करत बसली. मग नारिंगी कयाक सरळ धक्क्यासमोरून काढली, इतक्या जवळून की धक्क्यावरच्या माणसाच्या ग्लासातली वाफ दिसावी. शेड उघडी होती. ओट्यांवर माणसं बसली होती. थोरला पुढच्या वाटेने येऊन आपल्या ओट्यावर मांडी घालून बसला होता, मोकळ्या दगडावर, मालाची वाट बघत. सगळ्यांनी तिला पाहिलं. तिचे केस वाऱ्याने तोंडावर येत होते आणि तिने ते मागे सारले नाहीत.

मुकादमाने ग्लास खाली केला. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, डोक्यापासून वल्ह्यापर्यंत, आणि मग रोजच्यासारखी हाक मारली:

"काय थोरल्या, पाणी कसंय?"

तिने वल्हं आडवं मांडीवर ठेवलं. हिवाळाभर जपून ठेवलेलं वाक्य तिच्या तोंडात आलं. तिने मान वर केली, फाटका ओठ उघडला.

"गार आहे, मुकादम!" शेडमधून थोरला ओरडला. "फार गार आहे!"

कोणी हसलं नाही. लंगड्याने मान खाली घातली आणि आपल्या खेकड्यांची सुतळी तपासू लागला. मुकादमाने चहाचा घोट घेतला.

तिने तोंड मिटलं. पाणी खरंच फार गार होतं. कयाकच्या बुडातून ते आता मांड्यांपर्यंत आलं होतं. तिने वल्हं उचललं, डावीकडून पाण्यात घातलं आणि बांधाकडे निघाली.